एक रायफल, दोन जनावरं

हजार डॉलरात अर्ध-स्वयंचलित रायफल, तिच्यावर दुर्बीण, पट्टा, जादा मॅगझिन, कानाची बोंडं आणि सरावाची काडतुसं. टेक्ससमध्ये रानडुकरं आणि कोल्ह्यासारखे कायोटी मारायला नव्याने निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचं अंदाजपत्रक याच्याच आसपास असतं. माझ्या भाच्याचंही तेवढंच आहे. मूळचा सांगलीचा, इथे नोकरीला. मक्याची आणि भुईमुगाची शेती असलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याला रानात यायची परवानगी दिली आहे. "मामा, कुठली घेऊ?" असं त्याने विचारलं. एका नावात उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. म्हणून जसं सुचेल तसं लिहून ठेवतो आहे.

*

आधी डुकराबद्दल. हे जनावर अमेरिकेचं नाही. 1539 मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान्दो दे सोतो फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा फौजेच्या पोटाची सोय म्हणून त्याने पाळीव डुकरं सोबत आणली होती. त्यातली काही सुटून रानात गेली. पुढे वसाहतकऱ्यांनीही आपली डुकरं मोकळी चरायला सोडली. 1930 च्या दशकात टेक्ससमध्ये शिकारीच्या हौसेपायी युरोपातलं रानडुक्कर आणून सोडलं. आज शेतात दिसतं ते या सगळ्यांचं मिश्रण आहे, त्यामुळे एकाच कळपात काळी, तांबूस आणि ठिपक्यांची डुकरं दिसतात. देशभरात साठ लाखांहून जास्त आणि एकट्या टेक्ससमध्ये वीस लाखांहून जास्त असा अंदाज आहे. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. पावणेचार महिन्यांत विते, वेताला सरासरी पाच-सहा पिल्लं.

मका पेरल्यानंतरच्या रात्री काय होतं ते मी त्या शेतावर पाहिलं आहे. डुक्कर सैरावैरा उकरत नाही. तासाच्या एका टोकाला नाक लावतं आणि सरळ पुढे जातं, एकेक दाणा वेचत. सकाळी पाहिलं तर तासामागून तास मोकळा, आणि मधली माती जिथल्या तिथे. पेरणी यंत्राने जेवढ्या निगुतीने बी टाकलेलं, तेवढ्याच निगुतीने उचललेलं. बियाण्याचा, डिझेलचा आणि मजुरीचा पैसा एका रात्रीत गेलेला.

*

म्हणून बंदुकीचा प्रश्न हौसेचा नाही. निदान त्या शेतकऱ्याच्या बाजूने तरी नाही.

*

अर्ध-स्वयंचलितच का? कारण माद्या आणि पिल्लं कळपाने हिंडतात. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत पहिला बार झाला की बोल्ट उघडा, मागे घ्या, पुढे ढकला, पुन्हा नेम धरा. तेवढ्यात सगळा कळप झाडीत गेलेला असतो. अर्ध-स्वयंचलित रायफलीत जळलेल्या दारूचा थोडा वायू नळीतून बाजूला घेतला जातो. तोच बोल्टला मागे रेटतो, रिकामं पुंगळं बाहेर फेकलं जातं आणि स्प्रिंग नवं काडतूस आत ढकलते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, दुसरीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला की बरसत राहणारी बंदूक ती ही नव्हे.

पण याचा मोठा फायदा मला वाटतो तो वेगळा. पहिली गोळी थोडी मागे बसली आणि जनावर जखमी होऊन पळायला लागलं, तर खांद्यावरून दस्ता न हलवता दुसरी लगेच देता येते. पोटात गोळी लागलेलं डुक्कर झाडीत जाऊन तासन्‌तास मरतं. मी दुसऱ्या गोळीचे पैसे मोजतो ते त्यासाठी. पाच डुकरं पाडल्याच्या बढाया मारण्यासाठी ती नाही, आणि आळसाने मारलेल्या पहिल्या गोळीची भरपाई म्हणूनही नाही.

*

कायोटीची गोष्ट निराळी. वजन साधारण अकरा ते अठरा किलो. डोळा तिखट, नाक त्याहून तिखट, वाऱ्याच्या बाजूला फिरून खात्री केल्याशिवाय जवळ येत नाही. सशाच्या किंकाळीचा आवाज काढून बोलावलं तर येतो, पण दीडशे-दोनशे यार्डांवर थबकतो आणि क्षणभर पाहतो. तेवढाच वेळ मिळतो. त्याला जड गोळी लागत नाही, सपाट जाणारी गोळी आणि अचूक नळी लागते. डुकराला साठ-सत्तर यार्डांवर खोल शिरणारी गोळी हवी. एकाच रायफलीतून ही दोन कामं करून घ्यायची, अडचण ती आहे.

*

कायोटी मारावेत का, हाही प्रश्न मला पडतो. ज्याने कोकरांची चटक लावून घेतली आहे त्याला मारावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टेक्ससच्या एडवर्ड्‌स पठारावर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याला विचारा. पण दिसला म्हणून मारणं मला पटत नाही. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी आकडेमोड करून दाखवलं होतं, की दरवर्षी चारांतले तीन कायोटी मारले तरी ती जात संपायला पन्नासेक वर्षं लागतील. माणसाने संख्या घटवली की उरलेल्या माद्यांना जास्त पिल्लं होतात आणि जास्त जगतात. उलट तो उंदीर-घुशी खातो. भाच्याला मी सांगितलं आहे, मेंढपाळाने बोलावलं तर जा.

*

आता दुकानातली नावं.

एआर-15 ची रचना यूजीन स्टोनरची, आर्मलाइट कंपनीतली, 1950 च्या दशकातली. 1959 मध्ये कोल्टने हक्क विकत घेतले आणि 1964 पासून सामान्य गिऱ्हाइकाला ती मिळू लागली. 1977 मध्ये पेटंट संपलं. स्वस्ताईचं मूळ तिथे आहे. त्यानंतर कुणीही ती बनवावी, सुटे भाग एकमेकांना बसावेत, आणि भाव खाली यावेत. साउथ कॅरोलायनाच्या पाल्मेटो स्टेट आर्मरीची साधी एआर पाचशेच्या आसपास मिळते. रुगरची एआर-556 आणि स्मिथ अँड वेसनची एम अँड पी-15 स्पोर्ट या त्याच्या वरच्या पायरीला, सहाशे ते आठशेच्या दरम्यान, दुकान आणि हंगाम पाहून. वजन तीन किलोच्या आसपास, धक्का नगण्य. नव्या माणसाला धक्क्याची भीती बसली की तो चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग कितीही महाग रायफल दिली तरी उपयोग नाही.

रुगर मिनी-14 मला स्वतःला आवडते. लाकडी दस्ता, गॅरंड रायफलीच्या धर्तीवरची रचना, मळ-चिखल सोसणारी. जुन्या मिनी-14 नेमाला ढिल्या म्हणून बदनाम होत्या. 2005 च्या सुमारास कारखान्याने यंत्रं बदलली, त्यानंतरच्या सुधारलेल्या आहेत. पण नवी आता हजाराच्या पार गेली. दुर्बिणीलाही पैसे उरत नाहीत.

एसकेएस. सोव्हिएत रचनाकार सिमोनॉव्हची, 1945 ची, दहा काडतुसांची, पोलादाची आणि लाकडाची. 1990 च्या सुमारास ती शंभर डॉलरच्या आत मिळायची, म्हणून "गरिबाची डुक्कर-बंदूक" म्हणून तिचं नाव अजून निघतं. 1994 मध्ये चिनी बंदुकांची आयात थांबली आणि आज चांगली एसकेएस घ्यायची तर नव्या एआरएवढे किंवा त्याहून जास्त पैसे पडतात. वर दुर्बीण घट्ट बसत नाही, कारण तिचं वरचं झाकण हलतं. ज्याच्या घरात आधीच आहे त्याने खुशाल वापरावी. नवी शोधत हिंडू नये.

रेमिंग्टन 742. जुन्या बाजारात ही चारशे-पाचशेला दिसते आणि .308 किंवा .30-06 सारख्या दमदार काडतुसात दिसते, म्हणून मोह होतो. 1960 ते 1980 या काळात ती बनली. हिचा बोल्ट आतल्या पट्ट्यांवर घासत मागेपुढे होतो आणि वर्षानुवर्षांच्या बारांनी त्या पट्ट्यांवर खाचा पडतात. खाचा पडल्या की रायफल अडकायला लागते आणि त्यावर किफायतशीर इलाज नाही. घ्यायचीच असेल तर बोल्ट मागे ओढून धरावा, बारीक बॅटरी आत मारावी आणि दोन्ही पट्ट्यांवरून उजेड सावकाश सरकवावा. कडा सरळ आणि गुळगुळीत हव्यात. चावल्यासारख्या दिसल्या तर बंदूक परत ठेवावी आणि विक्रेत्याचे आभार मानून निघावं.

ब्राउनिंगची बीएआर आणि बेनेलीची आर-1 या उत्तम आहेत, पण या अंदाजपत्रकात त्या बसत नाहीत.

*

रायफल एकदा घ्यायची असते, काडतुसं आयुष्यभर घ्यावी लागतात. .450 बुशमास्टर डुकराला जागेवर बसवतं यात शंका नाही. अडीचशे ग्रेन वजनाची गोळी, तोंडाशी 2,600 फूट-पाउंडांहून जास्त ताकद. पण एकेका बाराला दीड-दोन डॉलर किंवा जास्तच. ज्याला हा भाव परवडत नाही तो सराव करत नाही आणि सराव न केलेल्या हातात ती ताकद जनावराच्या पोटात जाते. 6.5 ग्रेंडेल मला एआरच्या आटोपशीर काडतुसांत सगळ्यांत समतोल वाटतं, डुक्कर आणि कायोटी दोघांनाही. मात्र खेड्यातल्या दुकानात ते मिळेलच असं नाही. 7.62 बाय 39 रशियन मालामुळे स्वस्त होतं. सप्टेंबर 2021 पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीला परवाने मिळायचे बंद झाले आणि तो हिशेबही बदलला.

राहतं .223. पंचावन्न ग्रेनची गोळी सेकंदाला 3,200 फुटांच्या आसपास निघते. ताकद 1,280 फूट-पाउंडांच्या घरात, म्हणजे .308 च्या निम्म्याहूनही कमी. जुने शिकारी नाक मुरडतात. पण हे काडतूस पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातही मिळतं, सरावाचं काडतूस अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतं आणि कायोटीला याहून चांगलं काही नको. डुकराचं काय, ते गोळीच्या निवडीवर आहे.

*

गोळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक पैसे वाचवतात आणि जनावर भोगतं.

कायोटीसाठी विकतात ती गोळी पातळ आवरणाची, टोकाला प्लास्टिक. लागताच फुटते. पंधरा किलोच्या जनावराला ती क्षणात संपवते. तीच गोळी मोठ्या नराच्या खांद्यावर मारा. नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते. एकमेकांशी झुंजताना सुळ्यांचे वार झेलायला ती वयाबरोबर जाड होत जाते. मी एकदा सोलताना तिच्यावर सुरी चालवली आहे, ती जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळासारखी लागते. पातळ गोळी त्या ढालीतच फुटते, मोठी उथळ जखम करते आणि डुक्कर निघून जातं. त्याला साठ-बासष्ट ग्रेनची, शिसं आणि आवरण एकजीव केलेली किंवा अख्ख्या तांब्याची गोळी लागते. ती आकार न सोडता आत शिरते. पेटीला पाच-दहा डॉलर जास्त जातील. जाऊ द्यावेत.

आणि दोन गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. पंचावन्न ग्रेनवर नेम बसवलेल्या रायफलीत बासष्ट ग्रेनची भरली, तर शंभर यार्डांवर निशाणी इंच-दोन इंच सरकू शकते. कायोटी डुकराच्या गोळीनेही मरतो, डुक्कर कायोटीच्या गोळीने मरेलच असं नाही. म्हणून माझं मत असं, की जड गोळीवर नेम बसवावा आणि दोन्ही जनावरांना तीच वापरावी. कायोटीचं कातडं विकायचं असेल त्याने वेगळा विचार करावा.

*

हे ठळक लिहून ठेवतो. .300 ब्लॅकआउट हे काडतूस चांगलं आहे, जवळच्या अंतरावर डुकराला भरवशाचं. पण ते .223 च्याच मॅगझिनमध्ये बसतं, त्याच बोल्टवर चालतं, आणि काही वेळा .223 च्या नळीतही शिरतं. .30 ची गोळी .22 च्या नळीतून जायला बघते आणि रायफल चेहऱ्यासमोर फुटते. ज्या घरात दोन्ही काडतुसं आहेत तिथे मॅगझिनचे रंग वेगळे, पेट्या वेगळ्या, आणि एका फेरीला एकच जात सोबत. भाच्याला मी ब्लॅकआउट नको म्हणालो त्याचं एवढंच कारण. पहिल्या वर्षात डोक्याला तेवढा एक धोका कमी.

*

नळीवर किंवा अंगावर काय कोरलं आहे ते वाचून घ्यावं. 5.56 कोरलं असेल तर .223 बिनधास्त चालतं. फक्त .223 कोरलं असेल तर लष्करी 5.56 घालू नये, दाब वाढतो. ".223 वाइल्ड" असेल तर दोन्ही चालतात.

*

नेम कुठे धरायचा? हरणाच्या सवयीने लोक खांद्याच्या मागे धरतात. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं त्याहून पुढे आणि खाली असतात, पुढच्या पायाच्या वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेतच वर जावं. कानामागचा नेम सर्वांत झटपट, पण चरणाऱ्या डुकराचं डोकं एक क्षण स्थिर नसतं. हात बसलेला असेल त्यानेच धरावा.

*

एआरवर दुर्बीण नळीच्या जवळजवळ अडीच इंच वर बसते. याचा एक परिणाम दुकानात कुणी सांगत नाही. ट्रकच्या बॉनेटवर किंवा ओंडक्यावर रायफल टेकवली की दुर्बिणीतून शेत स्वच्छ दिसतं, आणि नळीचं तोंड मात्र बॉनेटकडे किंवा ओंडक्याकडे असतं. चाप ओढण्याआधी डोकं वर करून नळीच्या तोंडापुढे पाहायचं. दर वेळी.

*

तसंच जनावराच्या मागे काय आहे ते पाहायचं. .223 ची गोळी वर सुटली तर दोनेक मैल जाऊ शकते. टेक्ससचं रान सपाट आहे. मागे मातीचा बांध, उतार किंवा चढ दिसला तरच बार. क्षितिजावर उभ्या कायोटीला कधीही नाही. रात्री हे दुप्पट कठीण, कारण उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत जनावर पांढरं लखलखतं आणि त्यामागचं घर, टाकी, गाय यांचा अंदाज येत नाही. दिवसा त्या शेतात चालून यावं, चारही बाजूंच्या वस्त्या कुठे आहेत ते पाहून ठेवावं.

त्या उष्णतेच्या दुर्बिणींबद्दल एवढंच, की साधारण बरी घ्यायची तर रायफलीपेक्षा महाग पडते. खासगी रानात डुकराची आणि कायोटीची रात्रीची शिकार टेक्ससमध्ये चालते, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर असतो. पहिल्या वर्षी घेऊ नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला भरपूर काम होतं.

*

माझा हिशेब असा. रायफलीला साडेपाचशे, दुर्बिणीला दोनशे. बाकीच्यातून दीडशे काडतुसांना आणि उरलेले पट्टा, मॅगझिन आणि कानाच्या बोंडांना. रायफलीचा बार कानाशी 160 डेसिबलच्या घरात असतो. गेलेले कान परत येत नाहीत, तेव्हा तिथे काटकसर नाही. आवाज दाबणाऱ्या नळकांड्यावरचा दोनशे डॉलरचा कर 1934 पासून जसाच्या तसा होता, 2026 च्या सुरुवातीपासून तो शून्य झाला. नोंदणी आणि मंजुरी मात्र आहेच. पुढे बघू.

साडेसातशेची रायफल आणि पन्नास डॉलरची दुर्बीण हा उलटा हिशेब मी पुष्कळांचा पाहिला आहे. स्वस्त दुर्बिणीचा नेम धक्क्याधक्क्याने सरकतो आणि माणूस रायफलीला दोष देत बसतो.

*

भाचा म्हणाला, "मामा, माझं व्हिसाचं लफडं नको, तुमच्या नावावर घ्या ना, मी वापरतो."

नाही. दुकानात जो अर्ज भरावा लागतो, त्यात खरा घेणारा मीच का, हा पहिल्या काही प्रश्नांतच विचारलेला असतो. खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा. आणि त्याच्याबद्दलची गोष्ट याहून गंभीर आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच कायद्याने मनाई आहे. अपवाद थोडे आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा एक म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही.

इथे आपली मुलं फसतात. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही. ऑफिसातला अमेरिकन मित्र हेच सांगतो आणि ते त्याच्यापुरतं खरं असतं. पण व्हिसावरच्या माणसाने लायसन्सशिवाय ती रायफल हातात घेतली तरी प्रकरण थेट इमिग्रेशनपर्यंत जाऊ शकतं. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमधल्या मराठी मंडळींच्या पोरांनी हे पाठ करून ठेवावं, मित्राच्या शेतावर "एक बार मारून बघ" म्हटलं तरीसुद्धा. रहिवाशाचं लायसन्स पंचवीस डॉलरचं. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, तो वर्ग घरबसल्या होतो. भाच्याने तो केला. मगच आम्ही दुकानात गेलो.

*

दुसऱ्या राज्यात जाताना कायदा पुन्हा वाचावा. पेनसिल्व्हेनियात अर्ध-स्वयंचलित रायफल 2017 पासून कायोटीला चालते, हरणाला चालत नाही. कॅलिफोर्नियात 2019 च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. एआरच्या साध्या रूपाला कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांत बंदी आहे. टेक्ससमध्ये घेतलेली रायफल गाडीत टाकून कुठेही जाता येतं असं नाही.

*

आमच्या संगमेश्वराकडे रानडुकरांनी वरकस जमिनीतली नाचणी लोळवली की घरोघर रात्रीची राखण लागायची. माळ्यावर कंदील, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी बंदूक, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. भारतात सामान्य परवान्यावर अर्ध-स्वयंचलित रायफल मिळत नाही आणि तिथे रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं. त्यामुळे इथलं वाचून तिकडे कुणी काही ठरवू नये. तिथलं डुक्कर मूळचं त्या रानातलं आहे, वाघ-बिबट्याचं भक्ष्य आहे. नुकसान सारखंच वाटलं तरी जनावराचा हक्क सारखा नाही. शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळावी, या बाबतीत मात्र मी दोन्हीकडे सारखाच हट्टी आहे.

*

घरात लहान मूल असेल तर कुलपाची पेटी रायफलीच्या आधी. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी हेच लिहिलं असतं.

*

मांस. डुकराला ब्रुसेलोसिस हा रोग असू शकतो, आणि तो माणसाला होतो, महिनोन्‌महिने ताप देणारा. सोलताना रबरी हातमोजे, हाताला कापलेलं असेल तर दुसऱ्याला सांगावं. मांस आत 71 अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवावं. तरण्या मादीचं मांस चांगलं लागतं. आले-लसणाचं वाटण आणि कोकणी गरम मसाला लावून बहिणीने फोनवर सांगितलं तसं केलं होतं, शेतकऱ्याच्या घरी भांडं रिकामं परत आलं.

*

शेवटची गोष्ट बंदुकीच्या विरोधात जाते, पण लिहायलाच हवी. डुकरांची संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात, असं टेक्ससमधले अभ्यासक सांगतात. बंदुकीने तेवढी निघत नाहीत. दोन पडतात, बाकीची पांगतात, शहाणी होतात, रात्रीच बाहेर पडू लागतात आणि पलीकडच्या शेतात नवा कळप करतात. मिझुरी राज्याने 2016 मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकराच्या शिकारीला बंदी घातली ती याच कारणाने. शिकार बंद, सापळे सुरू.

सापळा म्हणजे मोठं गोल कुंपण, मध्ये मका, वर कॅमेरा. दार उघडंच ठेवून काही दिवस नुसतं खाऊ घालायचं. सगळा कळप, शेवटचं बुजरं पिल्लूसुद्धा, आत यायला लागला की फोनवरून दार पाडायचं. एक मादी बाहेर राहिली तरी ती सापळा ओळखायला शिकते, म्हणून घाई करायची नाही. रायफलीला काम उरतं ते सापळ्याला न येणाऱ्या एकट्या नराचं, आणि पेरणीच्या आठवड्यात शेत राखण्याचं. साडेपाचशेची साधी .223 त्या कामाला पुरेशी आहे. भाच्याने तीच घेतली.

आता शेतकऱ्याने नदीकडच्या कोपऱ्यात सापळा मांडला आहे आणि मका टाकायला सुरुवात केली आहे. दार पडेपर्यंत त्या बाजूला एकही बार नको असं त्याने सांगितलं आहे. भाच्याने विचारलं, "मग मामा, कायोटी दिसला तर?" मी म्हणालो, तोही नको, आवाज डुकरांना सारखाच ऐकू जातो. तोवर शनिवारी रेंजवर जायचं आणि बासष्ट ग्रेनच्या गोळीवर नेम बसवून घ्यायचा.